सही कोणाची, निर्णय कोणाचा

काही वर्षांपूर्वी मी ज्या संस्थेत काम करत होतो, तेथे एका अर्जातील एक रकाना काढून टाकावा असा प्रस्ताव मी मांडला होता. त्या रकान्यात मागितलेली माहिती त्याच अर्जाच्या दुसऱ्या पानावर आधीच घेतलेली असे. त्यामुळे अर्जदार तो रकाना कोरा सोडत, कोरा दिसला की अर्ज परत जाई, आणि परत गेलेला अर्ज पुन्हा येईपर्यंत दोन्हीकडच्या माणसांचे काम अडून राही. प्रस्ताव दीड पानाचा होता आणि त्यावर सात सह्या लागत होत्या. साडेचार महिने वाट पाहून मी त्या सातही टेबलांपाशी स्वतः गेलो, तेव्हा थोड्याफार फरकाने सगळीकडे एकच उत्तर मिळाले: "माझी काही हरकत नाही."

त्या दिवशी मी या उत्तराला होकार समजून परतलो होतो. ‘हरकत नाही’ हा आपल्या भाषेतील मोठा सोयीचा शब्दप्रयोग आहे. बोलताना तो होकारासारखा ऐकू येतो, पण कागदावर आला की त्याचा अर्थ एवढाच उरतो की मी हे अडवत नाही; करा, असे मात्र मी म्हणालेलो नाही. सात जणांपैकी कोणीही अडवले नव्हते आणि सात जणांपैकी कोणीही ठरवले नव्हते. पुढे नियमपुस्तिका काढून पाहिली तेव्हा लक्षात आले की यात कोणाचा आळस नव्हता, निदान फक्त आळस नव्हता. प्रस्ताव थांबवण्याचा अधिकार सातही जणांना होता, पण तो मंजूर करण्याचा अधिकार त्यांच्यापैकी एकालाही एकट्याने दिलेला नव्हता. सातवी सही झाल्यावर कागदाने कोठे जायचे, हे पुस्तिकेत लिहिलेच नव्हते.

तेव्हापासून एखादी संस्था समजून घ्यायची असेल तर तिच्यात मोठे कोण, हा प्रश्न मी मागे ठेवतो. आधी दोन गोष्टी विचारतो: येथे ‘थांबा’ कोण म्हणू शकते आणि ‘झाले, आता करा’ कोण म्हणू शकते? माझे निरीक्षण असे की पहिला अधिकार संस्था फारसा विचार न करता वाटत जातात, कारण प्रत्येक नवी सही ही एक जास्तीची खबरदारी वाटते. दुसऱ्या अधिकाराबाबत मात्र त्या कमालीच्या कंजूष असतात. आणि पहिला अधिकार इतका सढळपणे वाटूनही, ज्याला धोका खरोखर दिसत असतो, त्याच माणसाच्या हाती तो बहुधा पडत नाही.

संस्थेचा आराखडा म्हटला की वर एक चौकट, तिच्याखाली तीन, त्यांच्याखाली नऊ असे चित्र डोळ्यांसमोर येते. आज ज्ञात असलेल्या अशा आराखड्यांमधील सर्वांत जुन्यांपैकी एक १८५५ मधला आहे आणि तो या चित्रासारखा अजिबात दिसत नाही. अमेरिकेतील न्यूयॉर्क अँड इरी रेल्वेचे अधीक्षक डॅनियल मॅकॅलम यांनी तो तयार करवून घेतला. त्यात संचालक मंडळ सर्वांत खाली, मुळाशी आहे. तेथून खोड वर जाते आणि रेल्वेचे एकेक विभाग वेलीच्या फांद्यांसारखे बाहेर पसरतात. मॅकॅलम यांच्यापुढचा प्रश्न अगदी व्यवहारातला होता. पन्नास मैलांच्या रेल्वेमार्गाचा अधीक्षक बहुतेक माणसांना नावाने ओळखू शकतो आणि जवळपास सगळ्या कामावर स्वतः नजर ठेवू शकतो, पण पाचशे मैलांच्या मार्गावर हे अशक्य होते, हे त्यांनी स्वतःच नोंदवून ठेवले आहे. गैरसमजाची किंमत काय असते, हे रेल्वेवाल्यांना आधीच कळून चुकले होते. १८४१ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील वेस्टर्न रेलरोडवर दोन गाड्या समोरासमोर धडकल्या, त्यात एक कंडक्टर आणि एक प्रवासी दगावले, आणि त्यानंतर त्या कंपनीने कोणत्या टप्प्यावर कोण जबाबदार हे स्पष्टपणे आखून दिले.

मॅकॅलम यांनी लिहिलेल्या तत्त्वांपैकी एक मला फार मोलाचे वाटते. जबाबदारी वाटून द्यायची असेल तर ती पार पाडण्यापुरता अधिकारही द्यावा, म्हणजे ती जबाबदारी नुसती नावाची राहणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. दुसरे तत्त्व माहितीबद्दलचे आहे: खालून रोजच्या रोज अहवाल आले पाहिजेत, पण ते अशा रीतीने की मधल्या अधिकाऱ्याचा त्याच्या माणसांसमोरचा मान कमी होऊ नये. म्हणजे माहिती एका दिशेने वाहते, रोजचा निर्णय जागच्या जागी होतो आणि मूळ फक्त झाडाला धरून ठेवते. हे चित्र पुढे कधीतरी उलटे झाले आणि त्यातून मानाची उतरंड तयार झाली. आता आराखड्यात आपली चौकट शेजाऱ्याच्या चौकटीपेक्षा अर्धा इंच खाली आली म्हणून रुसलेली माणसे मी पाहिली आहेत. आपल्या चौकटीतून कोणता निर्णय बाहेर पडतो, हे विचारणारे क्वचितच भेटले.

अधिकार येतो कोठून, या प्रश्नाचे जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबर यांनी दिलेले उत्तर सर्वश्रुत आहे: काही ठिकाणी तो परंपरेतून येतो, काही ठिकाणी एखाद्या व्यक्तीच्या करिष्म्यातून, तर आधुनिक संस्थांमध्ये नियमांतून. नियमांतून आलेला अधिकार खुर्चीचा असतो, बसणाऱ्याचा नसतो. ही फार मोठी सुधारणा होती, कारण अशी खुर्ची विकता येत नाही आणि मुलाच्या नावावरही करता येत नाही. पण तिची एक किंमत मोजावी लागते. अधिकार खुर्चीचा झाला की निर्णयही खुर्चीचाच होतो आणि माणूस त्याच्या मागे निवांत लपू शकतो. आपल्या कार्यालयीन भाषेने तर यासाठी खास व्याकरण घडवले आहे. ‘असे ठरवण्यात आले आहे’, ‘आपणांस कळविण्यात येते’, ‘विचाराधीन आहे’ या वाक्यांत कर्ता शोधून सापडत नाही. हे प्रयोग भाषेच्या दृष्टीने सदोष आहेत असे मी म्हणणार नाही, पण ज्या टिप्पणीत एकाही वाक्याला कर्ता नाही, त्या टिप्पणीवर निर्णय झाला नसल्याची शक्यता बरीच असते, हा माझा अनुभव आहे.

वेबर वरून पाहतात, तर चेस्टर बर्नार्ड खालून पाहतात, आणि मला बर्नार्ड अधिक जवळचे वाटतात. ते न्यू जर्सीतील टेलिफोन कंपनीचे अध्यक्ष होते. म्हणजे हुकूम देणे हे ज्यांचे रोजचे काम, अशांपैकी एक. तरीही १९३८ मध्ये त्यांनी असे मांडले की हुकमात अधिकार आहे की नाही हे देणारा ठरवत नाही, घेणारा ठरवतो. सांगितलेले त्याला समजले पाहिजे, ते संस्थेच्या हेतूशी विसंगत वाटता कामा नये, त्याच्या स्वतःच्या हिताशी एकंदरीत जुळले पाहिजे आणि ते करणे त्याला शक्य असले पाहिजे. यापैकी काही हुकले तर आदेश कागदावरच राहतो. मग संस्था चालतात तरी कशा? बर्नार्ड यांचे उत्तर असे की प्रत्येक माणसाच्या मनात उदासीनतेचा एक पट्टा असतो. त्या पट्ट्यात बसणारे हुकूम तो प्रश्न न विचारता पाळतो. ‘हरकत नाही’ ते हेच. गंमत अशी की तोच शब्दप्रयोग खालून वर जाताना संस्था चालवतो आणि वरून खाली येताना तिला खिळवून ठेवतो. कनिष्ठाने ‘हरकत नाही’ म्हटले की काम सुरू होते. वरिष्ठाने म्हटले की काम तसेच पडून राहते, कारण वरिष्ठाकडून अपेक्षित असतो तो होकार.

याच सुमारास पर्यवेक्षणाचे एक गणित पुढे आले, त्याचाही थोडक्यात उल्लेख करतो. ग्राइकुनास या सल्लागाराने १९३३ मध्ये असे दाखवले की वरिष्ठाच्या हाताखालची माणसे एकेकाने वाढली, तरी त्याला सांभाळावे लागणारे संबंध त्या मानाने कितीतरी पटींनी वाढतात. एकेकाशी असलेले, गटागटांशी असलेले आणि त्या माणसांचे आपसांतले असे सगळे संबंध मोजले, तर पाच जणांसाठी ते १०० होतात आणि सहावा आला की २२२. या आकड्यांना शब्दशः धरून पुष्कळांनी हाताखाली पाच-सहाच माणसे असावीत असा नियम केला. त्यामुळे पायऱ्या वाढल्या, आणि पायरी वाढली की सही वाढली. फ्रान्समध्ये खाण कंपनी चालवलेल्या हेन्री फेयॉल यांनी याचा उतारा आधीच, म्हणजे १९१६ मध्ये सांगून ठेवला होता. दुहेरी शिडीच्या दोन बाजूंना समान पायरीवर असलेल्या दोघांनी एकमेकांशी बोलण्यासाठी एका बाजूने माथ्यापर्यंत चढून दुसऱ्या बाजूने उतरत का यावे? त्यांनी मध्ये फळी टाकावी, आपसांत ठरवावे आणि आपापल्या वरिष्ठांना कळवावे. फेयॉल एकाच वरिष्ठाच्या आज्ञेचे कट्टर पुरस्कर्ते म्हणून ओळखले जातात, पण त्यांनी टाकलेल्या या फळीची आठवण संस्थांना क्वचितच होते.

आता थांबवण्याच्या अधिकाराकडे वळतो. या अधिकाराची रचना कशी आहे त्यावर त्याचे परिणाम किती वेगवेगळे होतात, हे पाहण्यासाठी दोन टोके शेजारी ठेवावीत असे मला नेहमी वाटते. पहिले टोक म्हणजे जुन्या पोलंड-लिथुआनियाची संसद. तेथे कोणीही एक प्रतिनिधी उभा राहून ‘मी हे होऊ देणार नाही’ असे म्हणाला की अधिवेशन मोडत असे आणि त्या अधिवेशनात आधी संमत झालेले कायदेही रद्द होत. १६५२ पासून या अधिकाराचा असा वापर सुरू झाला. पुढे एखाद्या प्रतिनिधीला पैसे चारून संसद बंद पाडणे शेजारच्या राज्यांनाही सहज जमू लागले, आणि १७९१ च्या राज्यघटनेने ही तरतूद काढून टाकली तेव्हा फार उशीर झाला होता. पुढच्या चारच वर्षांत ते राज्य नकाशावरून नाहीसे झाले. याला एकटी ही तरतूद कारण होती असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल, पण शेजाऱ्यांचे काम तिने सोपे केले हे निश्चित.

दुसरे टोक टोयोटाच्या कारखान्यातले आहे. तेथे जुळणीच्या रांगेवरील कोणताही कामगार दोष दिसताच डोक्यावरची दोरी ओढू शकतो. वरवर पाहता हाही तसाच अधिकार आहे: सर्वांत खालच्या माणसाला सगळे काम थांबवण्याची मुभा. पण दोरी ओढल्याबरोबर रांग थांबत नाही. आधी दिवा लागतो आणि गटप्रमुख त्या जागी येतो. गाडी पुढच्या ठरलेल्या खुणेपर्यंत सरकेपर्यंत त्याला वेळ असतो. तेवढ्यात दोष दूर झाला तर रांग चालू राहते. नाही झाला तर ती थांबते. म्हणजे तेथे ‘थांबा’ या शब्दाला मुदत आहे, त्याचे कारण समोर दिसते आहे, आणि तो उच्चारताच धावत येणे हे कोणाचे तरी नेमून दिलेले काम आहे. पोलंडच्या प्रतिनिधीला कारण सांगावे लागत नव्हते आणि त्याच्या आक्षेपाचे निराकरण करण्याची जबाबदारीही कोणावर नव्हती. माझ्या सात सह्यांची रचना यांपैकी कोणासारखी होती, हे वेगळे सांगायला नको. तेथे तर ‘थांबा’ असे तोंडाने म्हणण्याचीही गरज नव्हती. कागद टेबलावर राहू दिला की पुरे.

ज्याला कळते त्याच्या हाती ही दोरी नसली की काय होते, याचे मला माहीत असलेले सर्वांत अस्वस्थ करणारे उदाहरण चॅलेंजर या अंतराळयानाचे आहे. २८ जानेवारी १९८६ रोजी उड्डाणानंतर ७३ सेकंदांत ते यान नष्ट झाले आणि सातही अंतराळवीर मृत्युमुखी पडले. त्याच्या आदल्या रात्री इंधन-रॉकेट बनवणाऱ्या कंत्राटदार कंपनीच्या अभियंत्यांनी दूरध्वनी-बैठकीत लेखी शिफारस केली होती की तापमान ५३ अंश फॅरेनहाइटच्या, म्हणजे सुमारे १२ अंश सेल्सिअसच्या खाली असेल तर उड्डाण करू नये, कारण रॉकेटच्या सांध्यातील रबरी कडी थंडीत ताठरून सांधा वेळेवर बंद करणार नाही अशी त्यांना भीती होती. नासाच्या अधिकाऱ्यांनी या शिफारशीवर तीव्र नाराजी दाखवली. कंपनीच्या व्यवस्थापकांनी थोडा वेळ मागून आपसांत चर्चा केली. तीत अभियांत्रिकी विभागाच्या उपाध्यक्षांना आता अभियंत्याची टोपी उतरवून व्यवस्थापकाची टोपी घाला, असे सुचवण्यात आले. आणि शिफारस बदलली.

नंतर नेमलेल्या चौकशी आयोगापुढे जे आले, त्यातील दोन गोष्टी आमच्या विषयाच्या आहेत. पहिली अशी की त्या रात्री सिद्धतेचा भार उलटला होता. एरवी उड्डाण सुरक्षित आहे हे दाखवून द्यावे लागे. त्या रात्री अभियंत्यांना ते असुरक्षित असल्याचे सिद्ध करायला सांगितल्यासारखे झाले, आणि तेवढा पुरावा त्यांच्यापाशी नव्हता. दुसरी अशी की उड्डाणाचा अंतिम निर्णय घेणाऱ्यांना कंत्राटदाराने आधी लेखी नकार दिला होता हे माहीतच नव्हते. पायऱ्या सगळ्या जागेवर होत्या, सह्या सगळ्या झाल्या होत्या. कंत्राटदाराच्या संमतिपत्रावरही रीतसर सही होती. त्या व्यवस्थेत थांबवण्याचे अधिकार कमी नव्हते, उलट पुष्कळ होते. पण ते सगळे टोपी बदलू शकणाऱ्यांच्या हातात होते. ज्या अभियंत्यांना टोपी बदलायची नव्हती, त्यांना त्या शेवटच्या चर्चेत मत विचारले गेले नाही.

विमान वाहतुकीने हा धडा याआधीच घ्यायला सुरुवात केली होती, तीही भयंकर किंमत देऊन. २७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या टेनेरिफ बेटावरील धावपट्टीवर धुक्यात दोन जंबो विमाने एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसे गेली. उड्डाणासाठी धावू लागलेल्या विमानातील फ्लाइट इंजिनिअरने समोरचे विमान धावपट्टीवरून बाहेर पडले नाही का, असा प्रश्न विचारला होता. कॅप्टनने ठामपणे ते बाहेर पडल्याचे सांगितले आणि विषय तेथेच संपला. प्रश्न विचारला गेला होता, तरीही ती दोरी ठरली नाही, विनंती ठरली. यानंतरच्या काही वर्षांत क्रू रिसोर्स मॅनेजमेंट या नावाने जे प्रशिक्षण सुरू झाले, त्याने कॅप्टनचा अंतिम अधिकार काढून घेतला नाही. कनिष्ठाने शंका स्पष्ट शब्दांत, गरज पडल्यास पुन्हा मांडावी आणि कॅप्टनने ती ऐकून घ्यावी, हे मात्र दोघांच्याही कर्तव्याचा भाग केले. निर्णय एकाचाच, पण आवाज सर्वांचा, ही विभागणी मला फार शहाणपणाची वाटते.

येथे माझ्याच मताला छेद देणारे एक उदाहरण सांगायला हवे, कारण ते वाचल्यावर मला बराच काळ आपले म्हणणे पुन्हा तपासावे लागले. इंटरनेटची तांत्रिक मानके ठरवणारी इंटरनेट इंजिनिअरिंग टास्क फोर्स ही संस्था मतदान करत नाही. तिचे एक धुरीण डेव्हिड क्लार्क यांनी १९९२ मध्ये राजे, अध्यक्ष आणि मतदान हे तिन्ही आम्हाला नकोत, आम्हाला ढोबळ सहमती आणि चालणारा कोड हवा, अशा अर्थाचे उद्गार काढले होते. बैठकीत कौल अजमावण्यासाठी तेथे लोक चक्क गुणगुणतात. आणि सहमती म्हणजे काय, याचे त्यांच्या २०१४ मधील एका दस्तऐवजात दिलेले स्पष्टीकरण असे की मतैक्यापेक्षा हरकत नसणे अधिक महत्त्वाचे. म्हणजे तेथे ‘हरकत नाही’ एवढ्यावर काम होते! मग माझ्या सात टेबलांवर ते का झाले नाही?

पुन्हा वाचताना दोन फरक दिसले. एक तर तेथे प्रत्येक आक्षेपाचे उत्तर द्यावे लागते, पण प्रत्येक आक्षेप मान्य करावा लागत नाही. आक्षेपाचा रीतसर विचार झाला की एकट्या माणसाची नाराजी काम थांबवू शकत नाही. दुसरे म्हणजे कार्यगटाचा अध्यक्ष असतो आणि सहमती झाली आहे असे जाहीर करणे हे त्याचे काम असते. त्याच्या निर्णयाविरुद्ध दाद मागता येते, पण तो निर्णय टाळून घरी जाऊ शकत नाही. क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या बैठकीतही असेच आहे. तेथेही मतदान नसते, पण बैठकीचा कल ओळखून तो शब्दांत लिहून काढणारा आणि उपस्थितांना वाचून दाखवणारा एक माणूस नेमलेला असतो. मतदान नाकारणाऱ्या या दोन्ही ठिकाणी ‘झाले’ असे म्हणणारा माणूस मात्र जाणीवपूर्वक ठेवला आहे. माझ्या प्रस्तावावर सात ‘हरकत नाही’ जमा झाल्या होत्या. त्या मोजून ‘झाले’ म्हणणारा आठवा माणूस कोणी नेमलाच नव्हता.

असा माणूस नेमण्याचेच टाळले तर अधिकार नाहीसा होत नाही, तो अदृश्य होतो. मी काही काळ एका स्वयंसेवी गटात होतो. तेथे पदे नव्हती आणि ‘आपल्यात कोणी मोठे नाही, कोणी लहान नाही’ हे अभिमानाने सांगितले जाई. बैठका लांबत, सगळे बोलत, आणि काहीही न ठरता त्या संपत. मग बाहेर दारापाशी तिघे जण चपला घालता घालता थांबत आणि त्या पाच मिनिटांत सगळे ठरून जाई. ते तिघे वाईट नव्हते. ते जुने मित्र होते आणि गटासाठी सर्वांत जास्त राबणारेही तेच होते. पण त्यांना कोणी निवडले नव्हते, म्हणून कोणी हटवूही शकत नव्हते. अमेरिकेतील स्त्रीमुक्ती चळवळीत काम केलेल्या जो फ्रीमन यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला नेमके हेच लिहून ठेवले आहे: रचना नाकारली की औपचारिक रचना तेवढी जाते, अनौपचारिक राहतेच, आणि तिला जाब विचारण्याची सोय नसते.

पायथन या संगणकभाषेच्या गटाची गोष्ट याच्या उलट दिशेने जाते. तिचे निर्माते ग्वीदो व्हान रॉसम यांना त्या मंडळींनी थट्टेने ‘आजीव उदार हुकूमशहा’ ही पदवी दिली होती, आणि अंतिम शब्द खरोखरच त्यांचा असे. २०१८ मध्ये भाषेतील एका छोट्या बदलावर इतका कडवट वाद झाला की तो बदल स्वीकारल्यानंतर त्यांनी पद सोडले आणि आपला वारस नेमण्यास नकार दिला. मग उरलेल्यांना आधी कसे ठरवायचे हे ठरवावे लागले. कारभाराचे सात वेगवेगळे प्रस्ताव आले, त्यांवर मतदान झाले आणि २०१९ पासून निवडून आलेले पाच जणांचे मंडळ काम पाहू लागले. त्या नियमांतील एक तरतूद मला फार समंजस वाटते: एकाच मालकाकडे नोकरी करणारे दोनपेक्षा जास्त सदस्य मंडळात असू शकत नाहीत. चपला घालताना होणाऱ्या बैठकांचा अंदाज आधीच घेतलेल्या माणसांनी ती लिहिली असावी.

मग किती जणांना ‘थांबा’ म्हणू द्यावे? याचे एकच उत्तर सर्व निर्णयांना लावणे, ही मला सर्वांत मोठी चूक वाटते. अॅमेझॉनच्या जेफ बेझोस यांनी भागधारकांना लिहिलेल्या २०१५ या वर्षासाठीच्या पत्रात निर्णयांची दारांशी तुलना केली आहे: काही दारांतून एकदा बाहेर पडले की परत येता येत नाही, तर काही दोन्हीकडे उघडतात. संस्था मोठी होऊ लागली की ती दुसऱ्या प्रकारच्या निर्णयांनाही पहिल्या प्रकारची जड पद्धत लावते, ही त्यांची तक्रार आहे. त्या कंपनीबद्दल माझी मते बरीच वेगळी आहेत, पण ही तक्रार रास्त आहे. अर्जातील रकाना आज काढला आणि चुकले असे वाटले, तर उद्या तो परत घालता येतो. त्यासाठी एक सही पुरे. अंतराळयान सोडल्यावर परत बोलावता येत नाही. तेथे सर्वांत कनिष्ठ अभियंत्याच्याही हाताशी दोरी असली पाहिजे. आमच्या संस्थेने हे दोन्ही उलटे केले होते. इमारत सोडून दुसरीकडे जाण्याचा, म्हणजे परत न फिरणारा निर्णय एका संध्याकाळी दोघांनी घेतला होता, आणि रकान्यासाठी मात्र सात सह्या होत्या.

माझ्या त्या प्रस्तावाचे पुढे काय झाले ते सांगतो. वर्षभराने नव्या विभागप्रमुख आल्या. त्यांनी सह्यांचा तक्ता रद्द केला नाही, फक्त त्याची मांडणी बदलली. वर सल्ला देणाऱ्यांची नावे आणि प्रत्येकासमोर एक तारीख. तारखेपर्यंत कारणासह आक्षेप आला नाही तर सल्ला अनुकूल धरायचा. तळाशी ‘निर्णय’ असा एकच शब्द आणि त्यापुढे एकच नाव. किरकोळ, परत फिरवता येण्याजोग्या बाबींसाठी ते नाव त्या विषयाचे काम पाहणाऱ्याचे असेल, असे त्यांनी ठरवले. अर्जांचे काम मी पाहत होतो, म्हणून तेथे माझे नाव आले.

मी प्रस्ताव नव्याने लिहिला. सल्ल्याची तारीख उलटली, आक्षेप आला नाही. मग सवयीने मी खाली ‘मान्यतेसाठी सादर’ असे लिहून कागद त्यांच्याकडे पाठवला. तो दुसऱ्या दिवशी परत आला. ‘सादर’ या शब्दाखाली रेघ मारलेली होती आणि समासात शेरा होता: "निर्णय आपला आहे." तो कागद माझ्या टेबलावर तीन दिवस पडून होता. चौथ्या दिवशी मी त्यावर ‘मंजूर’ असे लिहिले.